भौतिकशास्त्र पाठ आहे की कळलंय, हे चाचणीतून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी तुम्ही अभ्यासिका चालवता. येत्या 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त भौतिकशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांवर 20 प्रश्नांची चाचणी घ्यायची आहे. नववीची मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि जमलंच तर पालक, सगळ्यांना एकच पेपर. प्रश्नसंचांमधून 60 प्रश्न तुम्ही काढून ठेवलेत आणि त्यातले 20 मी निवडून द्यावेत, असं तुमचं म्हणणं.

यादी वाचली. रागावू नका, पण साठांतले पन्नास तरी प्रश्न मी बाजूला काढीन. कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही असेच प्रश्न काढत होतो, तेव्हा हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही.

'बलाचं एसआय एकक कोणतं?', 'प्रकाशाचा वेग किती?', 'सी. व्ही. रामन यांना नोबेल कोणत्या साली मिळालं?' या प्रश्नांत वाईट काही नाही. ज्याने आदल्या रात्री पुस्तक चाळलं त्याला येतात, ज्याने नाही चाळलं त्याला येत नाहीत. त्यापलीकडे काही कळत नाही, एवढंच. रामन यांचाच प्रश्न घ्या. 1930 हे साल बहुतेकांना येईल. त्याच लोकांना 'त्यांनी नेमकं काय शोधलं?' असं विचारा. "आकाश निळं का दिसतं ते," असं सांगणारे पदवीधर मला दर विज्ञान दिनाला भेटतात. आकाशाच्या निळेपणाचा हिशेब ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवला होता. 1921 सालच्या युरोपच्या बोटप्रवासात रामन यांना विचारात पाडलं ते भूमध्य समुद्राच्या निळाईने. त्यातून निघालेलं काम पुढे भलतीकडेच गेलं. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ तरंगलांबीशिवाय किंचित बदललेल्या तरंगलांबीचाही प्रकाश असतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. 28 फेब्रुवारी 1928 ची बातमी ही होती. साल पाठ असून बातमी माहीत नाही, अशी ही गत.

चाचणी काढताना मी आता प्रश्नाच्या आधी चुकीचं उत्तर शोधतो. लोक कुठे आणि कसे चुकतात हे हातात असेल, तर प्रश्न आपोआप तयार होतो. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातले डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांचे सहकारी यांनी 1992 साली बल आणि गती या विषयावर एक चाचणी प्रसिद्ध केली. आज ती 30 प्रश्नांची आहे. एकही आकडेमोड नाही, एकही सूत्र नाही. साध्या भाषेत एक प्रसंग आणि पाच पर्याय. त्यातले चुकीचे पर्याय परीक्षकाने खुर्चीत बसून रचलेले नाहीत. विद्यार्थ्यांना आधी मोकळे प्रश्न विचारले होते, त्यांनी स्वतःच्या शब्दांत जी चुकीची उत्तरं लिहिली त्यातून ते पर्याय आले. म्हणून चुकीचा पर्याय वाचताना मुलाला वाटतं, हे तर माझ्याच मनातलं आहे.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1990 च्या सुमारास याच धर्तीचे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. आपल्या मुलांना हे फारच सोपं जाईल, अशी त्यांची समजूत होती. पेपर हातात पडल्यावर एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची, की मला एरवी जसं वाटतं तशी? माझूर यांनी पुढे शिकवण्याची पद्धतच बदलली. 1998 साली रिचर्ड हेक यांनी 62 वर्गांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. नुसती व्याख्यानं झालेल्या वर्गांत, आधी जेवढं चुकत होतं त्यातलं सरासरी 23 टक्केच सुधारलं होतं. जिथे मुलांना वर्गात बोलायला, वाद घालायला, करून पाहायला लावलं, तिथे 48 टक्के. पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा मला माझ्या फळ्याकडे बघवेना.

तेव्हा तुम्हीही तसंच करा. फेब्रुवारीच्या आत आठ-दहा जणांना गाठा. शाळेतली चार मुलं, अभ्यासिकेतली दोन, एखादा गॅरेजवाला, एखाद्या स्वयंपाक करणाऱ्या बाई. त्यांना पर्याय न देता विचारा आणि जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. सुधारू नका, मान हलवू नका, "अहो असं कसं?" तर अजिबात म्हणू नका. एवढंच विचारा, "असं का वाटतं?" त्या वहीतून तुमचे पर्याय निघतील. मी खाली देतोय ते माझ्या वहीतले.

सुरुवात चेंडूने करा. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण गतीचे नियम, म्हणजे सगळ्यांनी ते वाचलेलं आहे. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, अजून वर चाललाय. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? पर्याय असे ठेवा: (1) फक्त गुरुत्वाकर्षण; (2) गुरुत्वाकर्षण आणि हाताचं हळूहळू संपत जाणारं वरच्या दिशेचं बल; (3) आधी फक्त हाताचं, ते संपलं की मग गुरुत्वाकर्षण; (4) वर जाताना हाताचं आणि अगदी वरच्या टोकाला कुठलंच नाही. बहुतेक लोक दुसऱ्यावर जातात. हात सुटला की हाताचं बल तिथेच संपलं, पण मनात 'दिलेला जोर' चेंडूबरोबर प्रवास करत असतो. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदान नावाच्या पंडिताने हाच विचार व्यवस्थित सिद्धांत म्हणून मांडला होता, तेव्हा चुकणाऱ्याला मूर्ख समजायचं कारण नाही. गंमत अशी की बारावीचा जो मुलगा दोन ओळींत चेंडू किती उंच जाईल ते काढून देतो, तोच इथे दुसरा पर्याय निवडतो. जोडप्रश्न म्हणून वरच्या टोकाला वेग किती आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती, हेही विचारा. वेग शून्य सगळे सांगतात. त्वरणही शून्यच सांगतात. ते तिथेही 9.8 च असतं, खालच्या दिशेने. नसतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

दुसरा प्रश्न धडकेचा. भरलेला टेम्पो उभ्या स्कूटरला धडकला, कोणी कोणावर जास्त बल लावलं? "टेम्पोनेच, स्कूटर बिचारी उभी होती," हे उत्तर तर हमखास येतं. न्यूटनचा तिसरा नियम ज्याला झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येतो, तोही हेच सांगतो. दोन्ही बलं सारखीच असतात. स्कूटरचं वस्तुमान कमी, म्हणून तिचा वेग झटक्यात बदलतो आणि तिचाच चुराडा होतो. लोक परिणामाकडे बघून बल ठरवतात. इथे 'बरोबर' लिहिणाऱ्यालाही कारण विचारा, कारण नियम आठवून बरोबर लिहिणारे बरेच असतात आणि "मग स्कूटरच का मोडली?" या प्रश्नावर ते गप्प होतात.

दोन दगडांचा प्रश्न, एक किलोचा आणि दहा किलोचा, आधी कोण पडेल, हा मी पहिल्या फेरीत घेत नाही. त्याचं उत्तर आता पाठ झालंय. अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉट यांनी 1971 साली चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, तो व्हिडिओही पोरांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. घ्यायचाच असेल तर उलटा घ्या: दहा किलोच्या दगडाला पृथ्वी दहापट जोराने ओढते, तरी दोन्ही एकत्र का पडतात? आता पेन थांबतं.

अंतराळवीर का तरंगतात? "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं." हे उत्तर मी वर्तमानपत्रातही वाचलंय. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं. मुंबई ते रत्नागिरी रस्त्याने जायला याहून थोडंच कमी अंतर पडतं. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के आहे. दहावीच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच गुरुत्वाकर्षण, त्यातलं सूत्र वापरून पाच मिनिटांत हे काढता येतं, पण काढून बघायचं कोणाच्या मनात येत नाही. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच सतत पडत असतात. आडवा वेग एवढा आहे, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, की पडता पडता पृथ्वीची गोलाई खाली वळत जाते. हे पटवायला एक प्लास्टिकची बाटली पुरे. बुडाशी बाजूला भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागेल. आता गच्चीवरून बाटली सोडून द्या. पडताना धार थांबते. पण सोडण्याआधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घ्या. आधी पाहिलं की सगळेच म्हणतात, मला वाटलंच होतं.

उष्णतेवर सगळ्यात जास्त प्रश्न ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. बल आणि गती पुस्तकात भेटतात, उष्णता रोज घरात भेटते, आणि घरातल्या समजुती पुस्तकाला पुरून उरतात. त्यातून आपली भाषाही तिथे गोंधळ घालते. पपई उष्ण, काकडी थंड, अंगात उष्णता झाली, तोंड आलं. हे सगळं ज्याच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्याला 'उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा' ही व्याख्या पाठ करून काही फरक पडत नाही.

थंडीतल्या पहाटे एकाच खोलीत शहाबादी फरशी आणि गोधडी. रात्रभर कोणी वापरलेली नाही. कोणाचं तापमान कमी? फरशीचं, असं नव्वदीतले आजोबाही सांगतील आणि नववीतला नातूही. दोघांचं तापमान सारखंच असतं. पायाला कळतं ते फरशीचं तापमान नसून पायातून उष्णता किती झपाट्याने बाहेर जातेय ते. फरशी ती झटकन ओढून घेते, गोधडी घेत नाही. दोन्हींवर साधा तापमापक ठेवून दाखवा. मी दाखवलं तेव्हा एका मुलीने तापमापक बिघडलाय असं ठामपणे सांगितलं आणि दुसरा मागितला. दुसऱ्यानेही तेच दाखवल्यावर ती जो प्रश्न विचारती झाली, तो माझ्या अख्ख्या प्रकरणापेक्षा मोलाचा होता: "मग सर, गोधडी गरम नसते?"

लगेच पुढचा प्रश्न. बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक ताटलीत उघडा, एक गोधडीत गुंडाळलेला. आधी कोणता वितळेल? "गोधडीतला, ऊब मिळते ना." बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून नेणारा माणूस यांनी पाहिलेला असतो. पण ती आठवण एका कप्प्यात आणि हे उत्तर दुसऱ्या. चाचणीने दोन कप्प्यांमधली भिंत दाखवायची असते.

पंख्याचा प्रश्न माझा आवडता. बंद खोलीत भिंतीवर तापमापक आहे, 34 अंश दाखवतोय. पंखा पूर्ण वेगाने लावला. अर्ध्या तासाने आकडा कमी होईल, वाढेल की जवळपास तोच राहील? 'कमी होईल' म्हणणाऱ्यांत इंजिनिअर भेटतात. पंखा हवा थंड करत नाही, हलवतो. आपल्याला गार वाटतं कारण घाम उडतो आणि अंगालगतची गरम हवा बाजूला होते. उलट पंख्याची मोटर थोडी उष्णता खोलीतच सोडते. मग त्याच तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी बांधा आणि पुन्हा पंख्याखाली धरा. आता आकडा उतरतो. माठाचं पाणी आणि कूलर दोन्ही इथेच समजतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात आकडा चांगला खाली येईल, पावसाळ्यात रत्नागिरीला फारसा हलणार नाही, कारण हवा आधीच ओली. तुमचं गाव यांतलं कुठलं ते तुम्हालाच माहीत. फेब्रुवारीत देशावर प्रयोग झकास होतो.

आणि बटाट्यांचा. पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय, आत बटाटे आहेत. गॅस मोठाच ठेवला तर ते लवकर शिजतील का? नाही. उकळतं पाणी उघड्या पातेल्यात शंभराच्या आसपासच थांबतं. महाबळेश्वरला तर 95-96 लाच. जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 120 अंशांपर्यंत चढतं आणि शिजणं झपाट्याने होतं. माझी आई चौथी शिकलेली, पाण्याला उकळी आली की स्टोव्ह बारीक करायची. मी फिजिक्स शिकून आल्यावर मोठ्या कौतुकाने तिला कारण विचारलं. "उतू जातं, आणि रॉकेल काय फुकट येतं?" म्हणाली. कृती बरोबर, आणि रॉकेलचा हिशेब ऐकला तर कारणही अर्धं बरोबर. नुसत्या पर्यायावर खूण करून घेतली असती, तर हे कळलं नसतं.

विजेचे दोनच प्रश्न पुरेत. एका सेलला, एकामागोमाग एक, दोन सारखे टॉर्चचे बल्ब जोडले. कोणता जास्त उजळेल? "पहिला, दुसऱ्यापर्यंत करंट थोडाच उरतो." धारा खर्च होत नाही. जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते, खर्च होते ती ऊर्जा. त्यामुळे दोन्ही सारखेच उजळतात. प्रयोग करणार असाल तर तारेचे जुने टॉर्च-बल्ब शोधा, एलईडी इथे कामाचे नाहीत. आणि घरातल्या प्लगला हात लावू नका, सेलवरच करा. दुसरा प्रश्न लाइट बिलाचा: 10 वॅटचा बल्ब 10 तास आणि 1000 वॅटची इस्त्री 6 मिनिटं, बिल कशाचं जास्त? दोन्हींचं सारखंच, एक दशांश युनिट. दर महिन्याला युनिट मोजून पैसे भरणाऱ्यांपैकी किती जणांना 'युनिट' म्हणजे ऊर्जा हे कळतं, ते इथे दिसेल. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, हे पेपरात छापू नका. निकालानंतर सांगा.

आरशाचा प्रश्न मला स्वतःला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला चुकला होता. 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसायला भिंतीवरचा आरसा कमीत कमी किती उंच हवा, आणि मागे सरकलं तर लहान आरशात भागेल का? 80 सेंटिमीटर, योग्य उंचीवर लावलेला. मागे सरकून काही उपयोग नाही. 'मागे गेलं की जास्त दिसतं' हे सगळ्यांना अनुभवाचं वाटतं. मागची खोली जास्त दिसते, स्वतःचं शरीर नाही. एक डोळा मिटून बाथरूमच्या आरशावर साबणाने स्वतःच्या चेहऱ्याची कड काढा आणि पट्टीने मोजा. चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरते. चार पावलं मागे जाऊन बघा, चेहरा त्याच कडेत बसलेला असतो.

उन्हाळा का येतो, यावर "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते" हा पर्याय ठेवाच. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपण शेकोटी पेटवतो. खरं कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल. याच्या जोडीला विचारा: महाराष्ट्रात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून किती दिवस येतो? "रोज बाराला" हे उत्तर ठरलेलं. तो दोनच दिवस येतो. मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, जेव्हा ढगांमुळे दिसत नाही. आणि तोही बाराला नाही, मुंबईच्या घड्याळात मेमधे साडेबारा उलटून गेल्यावर. मे महिन्यात अभ्यासिकेच्या अंगणात एक काठी उभी करून सावली नाहीशी होताना बघण्याचा कार्यक्रम ठेवा, चाचणीपेक्षा जास्त गर्दी होईल.

आता भाषेबद्दल, कारण तुमच्या यादीतले काही प्रश्न भौतिकशास्त्र तपासायच्या ऐवजी मराठी तपासतात. 'स्थिर' हा शब्द बघा. 'स्थिर वस्तू' म्हणजे न हलणारी आणि 'स्थिर वेग' म्हणजे न बदलणारा. 'वस्तू स्थिर गतीत आहे' असं छापलंत की अर्धी मुलं ती उभी आहे असं समजतात. 'एकसमान वेगाने जात आहे' असं लिहा. 'शक्ती' बोलीत बलही असते, ऊर्जाही आणि पॉवरही. 'वजन' बाजारात किलोत आणि पुस्तकात न्यूटनमध्ये. 'कार्य' म्हटलं की आमच्याकडे घरात लग्न आहे असं वाटतं. अकरावीला सायन्स घेतलं की हीच मुलं फोर्स, वर्क, पॉवर म्हणू लागतात, आणि मराठी शब्दांचा जो गोंधळ होता तो तसाच खाली राहून वर इंग्रजी रंग बसतो. म्हणून प्रश्नात संज्ञा कमीत कमी वापरा, प्रसंग सांगा. स्पर्धा परीक्षेवाल्यांना संज्ञा हव्याच असतील तर कंसात न देता वाक्यातच समजावा.

याच कारणाने 'डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल किती कार्य करतो?' हा प्रश्न तुमच्या यादीतून काढा. उत्तर 'शून्य' असं छापलेलं असतं. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध ओझ्यावर केलेलं कार्य म्हणाल तर ते शून्य, हे खरं. पण त्याच्या स्नायूंमधली ऊर्जा खर्च होतेच, घाम येतोच. प्रश्नात हा फरक कुठेच नसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, फिजिक्स म्हणजे दमलेल्या माणसाला 'तू काही केलं नाहीस' असं सांगणारा विषय. ज्याच्या बापाने मार्केट यार्डात पोती वाहिली त्या मुलाला हा प्रश्न मी एकदा विचारला होता. त्यानंतर कधी नाही.

कोडीही गाळा. होडीतून तळ्यात दगड टाकला तर पाण्याची पातळी चढेल की उतरेल, ही गोष्ट चहाच्या टपरीवर वाद घालायला उत्तम आहे, पण ती चुकलेल्याला प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, कळत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तीन पायऱ्या डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, त्यातली कुठली निसटली ते आपल्याला दिसत नाही. संकल्पनेच्या प्रश्नात पायरी एकच असावी.

वीस प्रश्न जास्त होतील. बारा घ्या, वेळ 40 मिनिटं. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, त्याखाली 'कारण एका ओळीत', आणि शेजारी तीन चौकोन: खात्री आहे, वाटतंय, ठोकून दिलं. शेवटचा शब्द असाच ठेवा, लोक प्रामाणिकपणे खूण करतात. तपासताना प्रत्येक उत्तरपत्रिकेवर गुण लिहिण्याआधी प्रश्नवार बेरीज करा: कुठल्या पर्यायावर किती जण गेले. चार पर्यायांच्या 12 प्रश्नांत डोळे मिटून खुणा करणाऱ्याचेही सरासरी 3 बरोबर येतात. तुमच्या गटाची सरासरी त्याहूनही खाली आली तर दचकू नका. ते ठोकत नव्हते, सगळे मिळून एकाच चुकीच्या पर्यायाकडे ओढले गेले. आणि ज्या प्रश्नावर चूक आणि 'खात्री आहे' या दोन्ही खुणा एकत्र जास्त दिसतील, त्याच्यावर सभा घ्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं फलकावर लावली तरी चालतील.

पहिल्या-दुसऱ्या नंबरांना बक्षिसं देणार असाल तर ती वेगळ्या, सामान्य ज्ञानाच्या फेरीवर द्या; तुमचे उरलेले 50 प्रश्न तिथे वापरा, वाया जाणार नाहीत. या 12 प्रश्नांवर बक्षीस लावलंत की लोक आदल्या दिवशी उत्तरं शोधत फिरतील आणि तुम्हाला हवी असलेली चुकीची उत्तरं मिळणारच नाहीत.

उत्तरपत्रिका टाकून देऊ नका. नावं नकोत, फक्त क्रमांक. हेच 12 प्रश्न दिवाळीनंतर न सांगता पुन्हा द्या. फरशी आणि गोधडीचं उत्तर तोवर किती जणांचं परत मूळपदावर आलंय ते मला जरूर कळवा. माझ्या वर्गांत दर वर्षी सगळ्यात जास्त उलटं फिरणारं उत्तर तेच असायचं.